रॅम्प आहे, पण आत जाता येत नाही: दिव्यांग तरुणांच्या रोजच्या जागा (सांगली-सातारा), मापांसह

टेपवाला_सांगली

दिव्यांग म्हटलं की आपल्याकडे दोनच जागा आठवतात, तहसील आणि सिव्हिल. वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींना तिथे वर्षातून कितीदा जावं लागतं? त्यांच्या रोजच्या जागा वेगळ्या: अभ्यासिका, झेरॉक्स, चहाचा गाडा, आमराई, एसटी स्टँड, नाट्यगृह, जिम, गणपतीचा मांडव. दोस्तमंडळी जिथे टेकतात तिथे टेकता यावं, एवढाच या धाग्याचा विषय.

एक विनंती. प्रेरणादायी कथा नकोत, त्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतातच. मापं लिहा. किती सेंटिमीटर, कशाचं, कुठे बिघडतं आणि का.

सुरुवात रॅम्पपासून. प्रमाण १:१२, म्हणजे १ सेमी चढायला १२ सेमी लांबी. मिस्त्रीला हे सांगून भागत नाही, तो समोर जेवढी जागा दिसेल तेवढ्यात उतार बसवतो. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडून फोन रॅम्पवर आडवा ठेवा. ४.८ अंशांपर्यंत ठीक. ७ अंश म्हणजे १:८, तिथे व्हीलचेअर मागून ढकलणारा लागतो. १० अंशांच्या पुढचा उतार मोटारसायकल आत घ्यायला केलेला असतो. त्याला रॅम्प म्हणणं हा कागदोपत्री विनोद.

सांगलीची अडचण उतार नाही, जोतं आहे. गाव सपाट, पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यावर ज्याला जमलं त्यानं जोतं वर घेतलं. ६० सेमी जोत्याला ७.२ मीटर रॅम्प, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, असे १०.२ मीटर होतात. एवढी जागा गावभागात कुणाकडे आहे? मग तो मधे दुमडायचा: ३.६ मीटरचे दोन तुकडे, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा. रुंदी किमान १.२ मीटर. कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर, साधारण ७० आणि ९० सेमी, टोकाला ३० सेमी पुढे आलेला. कडेला ७ ते १० सेमीचा उंचवटा हवाच. नाहीतर पुढचं छोटं चाक कडेवरून खाली जातं आणि चेअर माणसासकट कलंडते.

वरचा_रस्ता

साताऱ्यात उलटं. अजिंक्यताऱ्याच्या पोटाशी गाव, त्यामुळे जमीनच तिरकी. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला उतरणारे बोळ चेअरसाठी नाहीतच, ते मान्य करून पुढे जाऊ.

पण उताराचा एक फायदा आहे आणि तो कुणी घेत नाही. तिरक्या रस्त्यावरच्या इमारतीचा एक कोपरा बहुतेक वेळा रस्त्याच्या बरोबरीला येतो. मुख्य दारापाशी चार पायऱ्या असतात आणि वरच्या अंगाला, दहा-बारा मीटरवर, तीच फरशी रस्त्याच्या पातळीत असते. तिथे दार फोडलं तर रॅम्पच लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा, पंधरा मिनिटांत कळतं. फक्त ते दार कचऱ्याच्या डब्यांकडचं मागचं दार होऊ देऊ नका. सगळ्यांनीच वापरावं असं करा, नाहीतर महिनाभरात त्याला कुलूप लागतं.

दुसरं म्हणजे आडवा उतार. रस्ता चढाचा असेल तर फूटपाथ पाणी जावं म्हणून गटाराकडेही कललेला असतो. तो १:५० पेक्षा, म्हणजे जेमतेम १ अंशापेक्षा, जास्त असला की चेअर सतत एका बाजूला ओढते आणि एकाच हातावर सगळा जोर येतो. लांबून बघणाऱ्याला हे दिसत नाही.

पावसाचंही लिहितो. पॉलिश केलेली कोटा फरशी आणि चकचकीत टाइल रॅम्पवर घालूच नका. काँक्रीट ओलं असताना त्यावर खराटा आडवा ओढून ठेवायचा, झालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर शेवाळ धरतं. पंधरा दिवसांतून एकदा ब्रशनं घासणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम पाहिजे. गटारावरच्या जाळीची फट १२ मिमीपेक्षा मोठी नको, आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या की चाक त्यात बरोबर बसतं.

हरभट_रोडचा

दुकानदार म्हणून विचारतो. जोतं ४० सेमी. १:१२ म्हणजे ४.८ मीटर. पुढे फूटपाथ सव्वा मीटर. रॅम्प रस्त्यात काढला तर महापालिका अतिक्रमण म्हणून उखडणार, नाही काढला तर इथे तुम्ही बोलणार. काय करायचं?

टेपवाला_सांगली

फूटपाथवर काढायचा नाही. तिथून पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तुमचा रॅम्प म्हणजे आडवी भिंत. एकाची सोय दुसऱ्याच्या मुळावर नको. जोतं आतल्या बाजूला कापा. शटरच्या आत एका भिंतीला लागून १.२ मीटर रुंद पट्टा, रस्त्याच्या पातळीपासून वर चढत जाणारा. दुकान ८ मीटर खोल असेल तर बसतो, काउंटर दुसऱ्या भिंतीला सरकवावं लागतं. तेवढी खोली नसेल तर उचलायचा रॅम्प, पण ४० सेमीला तो फार लांब आणि जड होतो. तिसरा मार्ग रस्त्याच्या पातळीवरच सेवा द्यायचा: शटरपाशी ७५ ते ८० सेमी उंचीची फळी, बेल, आणि माल तिथे आणून दाखवणं. झेरॉक्स, औषधं, मोबाइल रिचार्ज याला हे चालतं. कपड्यांच्या दुकानाला चालत नाही. माणूस बाहेर बसून शर्ट कसा घालून बघणार?

पत्रा_आणि_अँगल (कुपवाड)

उचलायच्या रॅम्पचं मी लिहितो, कारण लोक येतात आणि "दोन फुटी पत्रा वाकवून द्या" म्हणतात.

एक पायरी, १५ सेमी. लांबी १८० सेमी, रुंदी ९० सेमी. लोखंडी चेकर्ड प्लेट ३ मिमी आणि खाली ४०×४०×५ चा अँगल: लांबीचे दोन, आडवे तीन. वजन काढा. प्लेट साधारण ४२ किलो, अँगल १९ किलो, मिळून ६० च्या वर. रोज उचलून ठेवायला दोन माणसं लागतात, म्हणून आठवड्यात तो कोपऱ्यात जातो आणि त्याच्यावर खोकी रचली जातात. तीच प्लेट अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर १४ किलोच्या आसपास, सांगाड्यासह एका माणसाला पेलते. महाग पडतं आणि वेल्डिंग आर्गॉनवर करावं लागतं, ते प्रत्येक शॉपमध्ये होत नाही. जमत नसेल तर लोखंडाचाच ४५-४५ सेमीचे दोन पट्टे शेजारी-शेजारी असा करा आणि मधे कडी-खिट्टीनं जोडा. जोडायचाच. नुसते दोन सुटे पट्टे ठेवले की मधली फट रोज वेगळी होते आणि पुढचं चाक फटीत जातं.

विसरायच्या नसतात त्या गोष्टी: वरच्या टोकाला पायरीवर टेकणारा १० सेमीचा ओठ, तो सरकू नये म्हणून पायरीत भोक पाडून पिन, खालच्या टोकाला रबरपट्टी. खालचं टोक जमिनीपासून ५ मिमीच्या वर राहिलं तर ग्राइंडरनं तासा. बॅटरीची चेअर माणसासह दोनशे किलोपर्यंत जाते, तेव्हा आधी तिघांना वर उभं करून बघा.

पांढरी_काठी

आतापर्यंत सगळा धागा चाकांचा झाला. न दिसणाऱ्याला रॅम्पपेक्षा पायरी सोपी, हे आधी लिहून ठेवतो. पायरी कुठे सुरू होते ते मात्र कळायला हवं.

पिवळ्या उठावदार फरशा आता सगळीकडे बसवतात. ३०×३० सेमीच्या, दोन जातींच्या. लांब पट्ट्यांची "चालत रहा" म्हणते, गोल टिकल्यांची "थांब, पुढे काहीतरी आहे" म्हणते. टिकल्यांची फरशी पायरीच्या ३० सेमी आधी हवी. ठेकेदार या दोन्हींकडे नक्षी म्हणून बघतो. पट्ट्यांची ओळ विजेच्या खांबाला जाऊन भिडते, वळणावर टिकल्या नसतात, आणि जिथे टिकल्या असतात तिथे पुढे काहीच नसतं. शिवाय त्या ओळीवरच दुचाक्या लागतात, कारण रंगीत पट्टा दिसला की लोकांना ती पार्किंगची रेघ वाटते.

सांगलीपुरतं खास: पूर ओसरल्यावर गाळ त्या टिकल्यांमध्ये बसतो. टिकली असते जेमतेम ५ मिमीची. गाळ वाळून घट्ट झाला की पायाला सपाटच लागते. ओला असतानाच पाण्याचा जोर मारून आणि तारेच्या ब्रशनं काढावा लागतो.

आणि मांडव. काठी जमिनीवरचं शोधते, छातीच्या उंचीवरचं नाही. मांडवाचे तिरके ताणलेले दोर, बाहेर आलेले बांबू, कमानीचे आडवे वासे. चालायच्या पट्ट्यावर २.२ मीटरच्या खाली काहीही येऊ नये. दोर तिरका जाणारच असेल तर तो जमिनीला मिळतो तिथून खालच्या बाजूला आडवा बांबू बांधा, म्हणजे काठी आधी त्याला लागते. खर्च एका बांबूचा.

कमी दिसणाऱ्यांसाठी प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेमीचा पिवळा पट्टा. काळ्या फरशीवर तपकिरी पट्टा मारलेलाही पाहण्यात आहे, शोभून दिसतो म्हणे.

कराड_अभ्यासिका

अभ्यासिकेचं कुणीच लिहिलं नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसाचे दहा-बारा तास तिथे असतात. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अभ्यास करायची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर. आरक्षण तिथेच संपतं.

सगळ्यांना खाली जागा नसेल तर निदान सहा-आठ टेबलं तळमजल्यावर काढता येतात का ते बघा. टेबलाखाली ७० सेमी मोकळी उंची, आणि मधे आडवी पट्टी नको. तयार अभ्यास-टेबलांना पाय ठेवायला पट्टी असतेच, ती कापून मागे न्यायची. दोन ओळींमधे ९० सेमी. मापं घेताना खुर्च्या मागे सरकवलेल्या असाव्यात, आत ढकललेल्या नव्हे. प्लगपॉइंट टेबलाच्या वर.

न दिसणारे विद्यार्थी एनव्हीडीए वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठी वाचतं. मात्र क्लासच्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर ते अगम्य अक्षरं वाचतं. स्कॅन करून केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी कोरं पान. नोट्स युनिकोडमध्ये ठेवणं हा अभ्यासिकेचा नियमच करून टाका. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयात सभासद होऊन पुस्तकं मिळतात तेही फलकावर लिहा. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरचा सराव चार तासांचा, आणि सराव परीक्षेच्या दिवशी खोली तेवढा वेळ उघडी हवी. इथेच गाडं अडतं, कारण पुढची बॅच दारात उभी असते.

टेपवाला_सांगली

संडासाचा विषय निघालाच आहे तर. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे २ × २.२ मीटर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, मोकळं ९० सेमी. आत उघडणारं असेल तर चेअर आत गेल्यावर दार लागतच नाही. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेमी, एका बाजूला ९० सेमी मोकळी जागा, कारण चेअर शेजारी लावून बाजूनं सरकायचं असतं. तिथेच नेमकी बादली ठेवलेली असते.

धरायची दांडी बैठकीच्या २० सेमी वर, ३८ मिमीच्या स्टीलच्या पाइपची, भिंतीपासून ५ सेमी सुटी. भिंत सिपोरेक्सची (हलक्या ब्लॉकची) असेल तर प्लास्टिक गिट्टी आणि स्क्रू चालत नाही. माणूस पूर्ण वजन टाकतो तेव्हा ती टाइलसकट हातात येते. बोल्ट आरपार काढून पलीकडे ६ मिमीची लोखंडी पट्टी द्यायची.

मुलींसाठी: पॅड टाकायचा डबा पायानं उघडायचा नको, ढकलून उघडणाऱ्या झाकणाचा हवा, आणि बसल्या जागेवरून हात पोहोचेल तिथे. हुक १.१ मीटरवर.

आणि किल्ली. सर्व मापं बरोबर असलेला संडास कुलूपबंद असतो, आत झाडू आणि फिनेलचे कॅन. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. बाहेरून कुलूप लागणारच नाही अशी कडी बसवा.

खुणेची_भाषा

ऐकू न येणाऱ्यांना दार, जिना, संडास सगळं खुलं, म्हणून त्यांची गणतीच होत नाही. अडतं ते बोलण्याच्या जागी. खिडकीत बसलेल्याच्या मागे उजेड असेल तर चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. दिवा समोरून हवा. काउंटरवर वही-पेन दोरीनं बांधून ठेवा. स्टँडवर फलाट बदलल्याची सूचना भोंग्यावरून होते आणि गाडी निघून जाते. फळ्यावर खडूनं लिहिलं तरी पुरे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर "अधिक माहितीसाठी फोन करा" असेल तर त्याच नंबरवर मेसेजला उत्तर मिळेल असंही लिहा. दुभाषा ठेवलात तर त्याला स्टेजच्या उजेडात उभं करा. आणि तास-दोन तासांच्या कार्यक्रमाला दोघे लागतात, एक जण सलग वीस-पंचवीस मिनिटांनंतर थकतो.

वरचा_रस्ता

एसटी स्टँडचं पुढे नेतो. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, अडचण चढण्याची. गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते आणि दार डाव्या अंगाला. म्हणजे फलाट कितीही चांगला केला तरी शेवटी खाली उतरून दोन गाड्यांच्या मधल्या बोळात शिरावंच लागतं. त्यामुळे फलाटाच्या कडेचा उतार गाडीच्या नाकासमोर काढून उपयोग नाही, दोन गाड्यांच्या मधे काढायचा. चेअर आतल्या वाटेतून जात नाही. घडी होणारी, मागची चाकं बटण दाबून निघणारी असेल तर डिकीत जाते. वाहकानं घंटी द्यायच्या आधी ती डिकी बंद झालीय का बघावं.

बागवाला

आमच्याकडे बागेच्या दारात लोखंडी खांब लावलेत, मोटारसायकली येतात म्हणून. किती अंतर ठेवलं म्हणजे चेअर जाईल आणि बाइक जाणार नाही?

पत्रा_आणि_अँगल (कुपवाड)

असं अंतर नाही. साधी चेअर ६५ ते ७० सेमी, वर हातांना जागा, म्हणून ९० सेमी ठेवावंच लागतं. बाइकचं हँडल ८० च्या आसपास. चेअर जाते तिथून बाइक जातेच.

रुंदीनं नाही, लांबीनं अडवा. दोन आडवे कठडे एकमेकांपासून दीड मीटरवर, पुढे-मागे सरकवलेले, म्हणजे आत शिरायला इंग्रजी झेडसारखं वळावं लागेल. चेअर १.१ ते १.२ मीटर लांब, दीड मीटरात वळते. दोन मीटरची बाइक एका दमात वळत नाही.

पांढरी_काठी

आणि हातानं चालवायची तीनचाकी? तीही बाइकएवढीच लांब. ती बाहेरच राहिली ना.

पत्रा_आणि_अँगल (कुपवाड)

बरोबर. ते राहिलंच. मग शेजारी १.२ मीटरचं फाटक आणि दारात माणूस. यावर लोखंडाचा उपाय नाही.

शांत_कोपरा

स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुणांबद्दल दोन ओळी. त्यांना बहुतेक वेळा रोखणारी गोष्ट आवाज आणि अनिश्चितता. मांडवात रोज एक तास ठरवून स्पीकर बंद, ती वेळ फलकावर. जिममध्ये, वाचनालयात एक कोपरा पंखा-ट्यूबलाइटची घरघर नसलेला. चहाच्या गाड्यावर चित्रांचं दरपत्रक: चहा, कॉफी, वडापाव, पुढे नोटांचं चित्र. बोट दाखवून मागता येतं. ज्यांचं बोलणं सेरेब्रल पाल्सीमुळे अडखळतं त्यांनाही ते कामी येतं. आणि मालकानं सोबत आलेल्याला "याला काय पाहिजे?" विचारू नये. समोरच्याला विचारावं, उत्तराला दहा सेकंद द्यावेत.

कायद्याचा_कीस

कलमं हवीत त्यांच्यासाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक इमारत म्हणजे सर्वसामान्य लोक वापरतात ती, सरकारी असो वा खासगी. म्हणजे अभ्यासिका, नाट्यगृह, मॉल सगळं आलं. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ नं जुन्या इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, मुदत २०२२ मध्येच संपली. कलम ८९ चा दंड पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुढे ५०,००० ते ५ लाख. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियम १५ मधली मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा.

कामाची वाट अशी. आधी फोटो, टेप लावून, आकडा दिसेल असा. तो सुगम्य भारत अ‍ॅपवर टाका. मग माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून फक्त पूर्णत्वाच्या दाखल्याची आणि त्या वेळच्या तपासणीची प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. चार इमारती एका अर्जात कोंबल्या की परत येतो. ते कागद हातात आल्यावर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. पैशांचं म्हणाल तर स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. अंदाजपत्रकाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, नगरसेवकाच्या हातात मापांसह एक पानी यादी द्या. मार्चमध्ये गेलात तर तो चहा पाजून परत पाठवेल.

हरभट_रोडचा

मोजलं. दुकान ६.३ मीटर खोल. आत ४.८ चा रॅम्प आणि वर दीड मीटर सपाट, बरोबर बसतं, पण खालची सपाट जागा उरत नाही.

टेपवाला_सांगली

खालची सपाट जागा फूटपाथचीच धरा, सव्वा मीटर आहे म्हणालात. फक्त शटरच्या पट्टीपाशी २ सेमीची उंबरी राहते ती तासून घ्या. आणि शटर गुंडाळल्यावर मोकळी रुंदी किती उरते ते कळवा. बाजूच्या पट्ट्या धरून नाही, आतून आत.

हरभट_रोडचा

८६.

टेपवाला_सांगली

९० हवेत. एका बाजूची पट्टी भिंतीत ४ सेमी आत घेता येईल का, ते शटरवाल्याला विचारा. रॅम्पचं काम त्यानंतर.